नाव विचारणारं वाय-फाय

शीळफाट्याजवळच्या एका कॉलेजात देवयानी आगाशे ग्रंथपाल आहेत. राहायला डोंबिवली पूर्वेला. कोणी पुस्तकाचा कोपरा दुमडून आणला, तर त्यालाच समोर उभं करून तो सरळ करून घेणाऱ्या. अर्धवट राहिलेलं काम त्यांना घासातल्या खड्यासारखं लागतं.

त्यांच्या लायब्ररीत एक वाचनयंत्र आहे. छापील पान खाली ठेवलं की ते मोठ्याने वाचून दाखवतं, पण मराठी अक्षरं ओळखायला त्याला इंटरनेट लागतं. न दिसणाऱ्या मुलांसाठी बाईंनी माजी विद्यार्थ्यांच्या मागे लागून ते मिळवलं होतं. मग दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजने वाय-फाय बदललं. आता प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड टाकावा लागे. यंत्राच्या पडद्यावर पासवर्डची एकच चौकट. नाव टाकायला जागाच नाही. यंत्र मुकं झालं.

कॉम्प्युटर विभागाचा मितेश येऊन बघून गेला. "मॅडम, जुनं मॉडेल आहे. सपोर्टच नाही याला. नवीन घ्या ना."

"मग इथपर्यंत केबल ओढून दे."

"केबलला मंजुरी लागते. अर्ज टाका."

अर्ज टाकला. तो प्राचार्यांच्या टेबलावर पडून राहिला. एस. वाय.ला शिकणारी, दृष्टी नसलेली उर्वी रोज विचारायची, "मॅडम, झालं का सुरू?" आणि बाईंना रोज तेच उत्तर द्यावं लागायचं.

शेवटी बाईंनी इंटरनेटवर शोधाशोध केली. एखाद्या साध्या राउटरमधलं मूळ सॉफ्टवेअर काढून फुकट मिळणारं खुलं सॉफ्टवेअर टाकलं, तर तो राउटर नाव-पासवर्ड देऊन कॉलेजच्या वाय-फायला जोडला जातो, आणि यंत्राला आपलं साधं वाय-फाय देतो. त्यांनी मितेशला विचारलं.

"करा, तुमच्या अकाउंटवर करा," तो म्हणाला. "पण काही झालं तर मला फोन नको."

घरात जुना राउटर होता. रविवारी दुपारी बाईंनी त्यात सॉफ्टवेअर टाकलं आणि राउटर जो बंद पडला तो पडलाच. मॉडेल तेच, पण आतला भाग वेगळ्या आवृत्तीचा होता. ते तळाला बारीक अक्षरात छापलं होतं.

"अगं, नव्या यंत्रासाठी वर्गणी काढ," नवरा, सुश्रुत, म्हणाला. "एवढी डोकेफोड कशाला?"

"चांगलं चालणारं यंत्र भंगारात टाकायला वर्गणी काढू?"

कल्याणच्या दुकानातून त्यांनी दुसरा राउटर आणला, तो तळ वाचूनच. सॉफ्टवेअर नीट बसलं. पण सेटिंगमध्ये नाव विचारणाऱ्या वाय-फायचा पर्यायच दिसेना. जागा वाचवायला सॉफ्टवेअरमध्ये वाय-फायची जोडणी सांभाळणारा भाग छोटा करून घातला होता, त्यात तो पर्याय नव्हता. छोटा भाग काढून पूर्ण भाग टाकायचा होता. बाईंनी छोटा काढला, आणि राउटरचं वाय-फायच गेलं, म्हणजे त्याचं इंटरनेटही. आता पूर्ण भाग उतरवणार कसा? लॅपटॉपवर फाइल घेतली, केबलने ढकलली. राउटरने ती नाकारली. फाइल दुसऱ्याच आवृत्तीची. बाईंनी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की सुश्रुत उठून दुसऱ्या खोलीत गेला.

अखेर योग्य फाइल मिळाली आणि कॉलेजात राउटर जोडला गेला. यंत्र बोललं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गप्प.

मधे वीज गेली होती. वीज गेली की राउटरचं घड्याळ मागच्या वर्षात जायचं. कॉलेजच्या नेटवर्कची ओळख पटवणारं सर्टिफिकेट या वर्षीचं; राउटरच्या हिशेबी ते अजून सुरूच झालेलं नसे, म्हणून तो जोडणी नाकारायचा. आणि जोडणी नाही म्हणून खरी वेळ कळायची नाही. बाई हाताने तारीख भरायच्या. पुन्हा वीज जायची.

"सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून टाका ना मॅडम," मितेश म्हणाला.

"म्हणजे उद्या बाहेर कोणी याच नावाचं वाय-फाय लावलं, तर माझा पासवर्ड आपणहून त्याच्या हातात?"

उर्वी एकदा म्हणाली, "राहू दे मॅडम. माझ्या वर्गातली कृतिका वाचून रेकॉर्ड करून देते मला."

"कृतिकाला स्वतःचा अभ्यास नाही का?" बाई तिच्यावर खेकसल्या, आणि लगेच त्यांना वाईट वाटलं.

उपाय सापडला तो इतका क्षुल्लक की त्यांचं डोकं आणखी फिरलं. सुरू होताना राउटर स्वतःच्या सेटिंगची शेवटची बदललेली फाइल बघतो आणि तिचीच तारीख धरतो. बाईंनी सगळी सेटिंग्ज घड्याळ चुकलेलं असताना सेव्ह केली होती. तारीख नीट करून त्यांनी एक सेटिंग पुन्हा सेव्ह केलं. प्लग काढला, लावला, परत काढला, लावला. दर वेळी राउटर जोडला गेला. एवढ्यासाठी दोन महिने! बरं, कोणावर ओरडावं तर समोर कोणीच नाही.

त्यांनी उर्वीला बोलावलं. तिने अर्थशास्त्राचं पुस्तक यंत्राखाली सरकवलं आणि वाचण्याचा वेग वाढवला, अजून वाढवला, इतका की बाईंना एक शब्द कळेना. उर्वी मात्र मान हलवत भराभर पानं उलटत होती.

"हे कृतिकाला नाही जमत," ती म्हणाली.

बाई कपाळाला आठी तशीच ठेवून उठल्या आणि परत आलेली पुस्तकं कपाटात लावायला गेल्या.