बाबांना दिलेलं आजारपण

माझ्या वडिलांना मी सहा वर्षं आजारी ठेवलं. घरी नव्हे, शाळेत, शिक्षकांच्या खोलीत. घरी ते चांगले हिंडतेफिरते होते. सरकारी कचेरी हलली तिच्याबरोबर नागपूरहून भोपाळला आले, शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये राहून नोकरी संपवली आणि मग आम्ही सोनागिरीला राहायला आलो. तिथे रोज सकाळी ते स्वतः भाजी आणत, ठेलेवाल्याशी हिंदीत हुज्जत घालत आणि दुपारी पुस्तक छातीवर ठेवून झोपत.

सुरुवात खऱ्यापासूनच झाली होती. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यांत दर दोन तासांनी औषध घालायचं होतं. त्याच आठवड्यात शाळेतली एक सहकारी तिच्या वर्गाच्या कॉप्यांचा, म्हणजे तपासायच्या वह्यांचा, गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आली. आम्ही दोघी सामाजिक विज्ञान शिकवत होतो, वेगवेगळ्या तुकड्यांना. ती माझ्याहून लहान, इंदूरची, बोलायला गोड. शाळा सुटली की ती महाराणा प्रताप नगरात एका कोचिंगमध्ये शिकवायला जाई आणि शाळेचं उरलेलं काम दुसऱ्या कुणाला तरी देई. दोन वर्षं ती दुसरी कुणी म्हणजे मीच होते.

"चाळीसच आहेत, ताई. तुमचा हात कसा भरभर चालतो."

"संध्याकाळी बाबांच्या डोळ्यांत औषध घालायचं असतं," मी म्हणाले.

तिने गठ्ठा लगेच उचलला. "अरे, मग राहू द्या. आधी बाबा."

मला नवल वाटलं. आमच्या खोलीत थकवा, वाचन, कंटाळा ही कारणं कुणी ग्राह्य धरत नसे. आईवडिलांच्या आजारपणाला मात्र कुणी उलटून विचारत नसे. बाबांचे डोळे महिनाभरात बरे झाले, शाळेत ते औषध वर्षभर चाललं. पुढे मी त्यांना गुडघे दिले, मग चक्कर, आणि शेवटी तर त्यांना धरून बसवावं लागू लागलं. माझ्या संध्याकाळी माझ्या राहिल्या. त्या मी बाबांच्या शेजारच्या खुर्चीत वाचत घालवल्या.

एकदा तिचा फोन बाबांनी उचलला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आवाज मात्र खणखणीत आहे हो बाबांचा."

"आवाजच तेवढा उरलाय," मी म्हणाले.

बाबांना तिच्या चौकशीवरून सगळं कळलं होतं. रागावले नाहीत. "मला नेमकं काय झालंय ते सांगून ठेव," ते म्हणाले. "म्हणजे फोनवर तसा खोकेन."

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी घरीच थांबते म्हटलं, तर म्हणाले, "मुलांची परीक्षा तोंडावर आहे, जा. शेजारच्या काकू आहेत ना." मी गेले. साडेअकराला काकूंचा फोन आला की त्यांना धाप लागली आहे, येता आलं तर ये.

आमच्याकडे मधूनच निघायचं तर आपले तास घेणारं कुणीतरी शोधावं लागतं आणि रजिस्टरमध्ये त्याची सही लागते. शेवटचे दोन तास तीच एकटी मोकळी होती. ती कॉप्या तपासत बसली होती.

"बाबांना बरं नाही," मी म्हणाले. "माझे शेवटचे दोन तास घेशील का?"

तिने मान वर केली नाही. "ताई, बाबांना कधी बरं असतं? आज तुम्हीच मला समजून घ्या. हे मला दीडपर्यंत द्यायचंय."

आजचं खरं आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर मागची सहा वर्षं खोटी होती हेही सांगावं लागलं असतं. मी रजिस्टर मिटलं आणि वर्गात गेले. मुलांना नकाशात नद्या भरायला लावल्या आणि खिडकीपाशी उभी राहिले. प्राचार्यांकडे जाता आलं असतं. सही न घेता निघून जाता आलं असतं. हे आता सुचतं.

घरी पोचले तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही आधी आला असतात तरी फारसा फरक पडला नसता. ते तसं सगळ्यांनाच म्हणत असावेत.

शाळेतले लोक भेटायला आले, त्यांत तीही होती. ती खरंच रडली. "किती वर्षं अंथरुणात काढली हो त्यांनी," ती म्हणाली. "सुटले." काकू चहा देत होत्या. त्यांनी आधल्याच आठवड्यात बाबांना भाजीच्या ठेल्याशी भांडताना पाहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे घेऊन आत गेल्या. मी तिच्या बोलण्यावर मान डोलावली.

तेराव्यानंतर मी शाळेत परत गेले. त्या आठवड्यात कुणी काही मागितलं नाही. पुढच्या सोमवारी ती आली. दोन गठ्ठे होते. ते तिने हळूच टेबलावर ठेवले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"रिकामं घर खायला उठतं, ताई. संध्याकाळी यात मन रमेल तुमचं. मी तुमच्यासाठीच म्हणतेय."

तिला तसं मनापासून वाटत असेलही. मी सवयीने कारण शोधू लागले. ओठांवर पहिला शब्द बाबाच आला. तो मी गिळला.

"मी नाही तपासणार," मी म्हणाले.

"का? बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग?"

"मग काही नाही. हे काम तुझं आहे. मी करणार नाही."

बाजूच्या दोघींनी वळून पाहिलं. मला वाटलं, ती चिडेल, निदान काहीतरी लागेल असं बोलेल. तिने गठ्ठे उचलून कडेवर घेतले. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"एवढंच होतं," ती म्हणाली, "तर आधीच सांगायचं होतंत ना, ताई."