पतंगाच्या कागदाचे पंख

सासऱ्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. चालणं-बोलणं लवकर सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं काही वळेनात. आयुष्यभर रेल्वेच्या कारखान्यात डबे दुरुस्त केलेला माणूस. शर्टाच्या बटणासाठी सुनेला हाक मारायची, याचाच त्यांना राग येई. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी लगेच कपाटावर भिरकावला. "मी काय तान्हं बाळ आहे?"

झाशीच्या सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या क्वार्टरमध्ये तेव्हा दुसरीच एक धांदल चालू होती. नववीतल्या आमच्या मुलीला पाण्याच्या रॉकेटचं वेड लागलं होतं. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत थोडं पाणी घ्यायचं, सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि लांब उभं राहून दोरी ओढायची. खालून पाणी फवारत बाटली सुसाट वर जायची. उडायचं छान, पण एकदा उडालेलं रॉकेट दुसऱ्यांदा उडण्याच्या लायकीचं राहत नसे. पुठ्ठ्याचे पंख भिजून लोंबायचे. गरम गोंदाच्या बंदुकीने चिकटवायला गेली, तर बाटलीच वितळून वाकडी झाली.

ती वाकडी बाटली घेऊन ती आजोबांपुढे बसली. "आजोबा, बार-बार क्यों टूट रहा है? बघा ना." तिला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदीच पुढे येते.

त्यांनी बाटली डाव्या हाताने फिरवून पाहिली. "पंख लेचेपेचे आहेत. आणि सांधा बघ, नुसता टेकवलाय. दोन्ही बाजूंनी गोंद भरून त्याला गोलाई द्यायला हवी."

"करून दाखवा."

"माझा हात..." म्हणून ते थांबले.

"मेरे दो हैं ना. तुम्ही फक्त दाबून धरा."

ते दाबून बसले. गोंद वाळेपर्यंत हलायचं नाही, असा नातीचा हुकूम होता. उजव्या हाताची बोटं नीट वळत नव्हती, पण त्यांनी पंख सोडला नाही. मी स्वयंपाकघरातूनच बघत राहिले. मी जवळ गेले असते तर ते उठून गेले असते.

मग दोघांची रोजची बैठक सुरू झाली. पंख ताठ करायला सासऱ्यांनी मैद्याची खळ सुचवली. मी पातेलंभर शिजवून दिली. खळ लावलेले पंख उन्हात पापडासारखे कडक झाले आणि रात्रभर खिडकीत राहिले. सकाळी बघतो तर त्यांच्यावर मुंग्यांची जत्रा! मुलगी रडकुंडीला आली. सासरे मात्र इतके हसले, की मला पाण्याचा पेला घेऊन धावावं लागलं. आजारपणानंतर ते हसणं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

खळ बाद झाली. बाजारातून पतंगाचा कागद आणि सुताराचा पांढरा गोंद आणला. थर्माकोलच्या पातळ तुकड्याचे पंख कापायचे, गोंदात पाणी घालून दोन्ही अंगांनी कागद चढवायचा, आणि आतली हवा बोटाने हलके हलके बाहेर काढायची. हे शेवटचं काम सासऱ्यांनी मागून घेतलं, तेही उजव्या हाताने. कागद सुरुवातीला फाटायचे. मग फाटेनासे झाले.

गव्हाची कापणी आटोपल्यावर एका रविवारी आम्ही टहरौलीला गेलो. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांचं तिथे शेत आहे. मोकळ्या रानात रॉकेट उभं केलं. नवऱ्याने पंप मारला आणि मुलीने दोरी आजोबांच्या हातात दिली. त्यांनी ती डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, बोटांना वेढा दिला आणि ओढली.

फस्सकन आवाज झाला. आम्ही माना वर करेपर्यंत रॉकेट बोटाएवढं दिसत होतं. वर जाऊन ते कलंडलं, टोकाशी घडी घालून बसवलेली प्लास्टिकच्या पिशवीची छत्री उघडली आणि वाऱ्याबरोबर तरंगत ते थेट शेजारच्या घरापुढे बांधलेल्या म्हशीपुढे उतरलं. म्हैस खुंटा उपटून पळाली. तिची मालकीण बुंदेलीत ओरडत आली, "काय बिन्नू, जो का आय?" म्हणजे, काय गं पोरी, हे काय आहे?

"रॉकेट है, काकी," मुलगी घाबरत म्हणाली.

सासऱ्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते पंख चाचपत होते. "एकालाही चीर नाही!"

नवऱ्याने म्हैस पकडून आणली. बाईंनी तिला पार लांब बांधलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "अब फिर से उड़ाओ." बरोबर आणलेलं पाणी संपलं, तेव्हा त्यांनीच घरातून बादली आणून दिली.

सासऱ्यांचा हात आजही पूर्ण सुटलेला नाही. सही थोडी वाकडी येते. बटणं मात्र ते स्वतः लावतात.

त्या रविवारी परतताना मुलीने गाडीत विचारलं, "आजोबा, दो बोतल जोड़ दें तो और ऊपर जाएगा?"

"मराठीत विचार, मग सांगतो."

ती बराच वेळ ओठ हलवत जुळवाजुळव करत राहिली. "दोन बाटली... जोडली, तर अजून वर जाणार का?"

"बाटल्या," सासरे म्हणाले. "जाणार. पण सांधा मी करणार."