दांड्यावरचं कुंकू

लाईन बंद केली तरी तारेला हात लावण्याआधी अर्थिंगचा दांडा अडकवायचा आणि त्याची केबल जमिनीत ठोकलेल्या खुंटीला जोडायची. चुकून कुठून करंट आलाच तर तो जमिनीत जावा, माणसात नाही. हे मला तोंडपाठ आहे. कितीतरी वायरमनना मीच शिकवलंय, लाज वाटते सांगायला.

त्या दुपारी जाफराबाद रस्त्याला तार तुटली होती. मी फोन करून लाईन बंद करवली. माझा जोडीदार वायरमन खांबाशी थांबला आणि म्हणाला, "दांडा न्हाई आनला का?"

"लाईन बंद हाय बिलकुल. धा मिन्टाचं काम. चढ जल्दी."

तो चढला. मी मोठा होतो, म्हणून चढला. लाईट गेली म्हणून जवळच्या कापसाच्या जिनिंगवाल्याने जनरेटर लावला, पण आपला मेन स्विच पाडलाच नाही. त्याचा करंट उलटा आमच्या तारेत आला. जोडीदार वरच गेला. पट्ट्याला लटकलेलं त्याचं शरीर आम्ही खाली उतरवलं.

संध्याकाळी साहेब म्हणाले, दांडा दाखवा. मी ऑफिसातलं कपाट उघडलं. खंडेनवमीला आम्ही सगळ्या हत्यारांची पूजा करतो. तीन महिन्यांपूर्वी दांड्याला हळदकुंकू जोडीदारानेच लावलं होतं, अगदी मुठीवर, जिथे हाताने धरायचं तिथे.

ते जसंच्या तसं होतं. जरासुद्धा पुसलं गेलं नव्हतं.