दोन साहेब आणि एक मुहूर्त

नगरहून आष्टीकडे जाणाऱ्या एसटीत मला खिडकी मिळाली आणि खिडकीबाहेर नेतेच नेते मिळाले. सगळे बोर्डांवर हात जोडून उभे. वाटेत बाभळींपेक्षा वाढदिवस जास्त दिसले. मी निघाले होते बिरूमामांच्या सोनालीच्या लग्नाला. मामा दरवर्षी कळप घेऊन जुन्नरला येतात आणि आमच्या शेतात मेंढरं बसवतात (खतासाठी रानात मुक्कामी ठेवतात). आमचा कांदा त्यांच्या लेंड्यांवर पोसलेला, तेव्हा लग्न चुकवणं शक्यच नव्हतं.

फाट्यावर उतरून चहा घ्यायला हॉटेलात शिरले. पांढऱ्या गाडीशेजारी खुर्ची टाकून एक साहेब फोनवर बोलत होते, "त्यो आला का? न्हाई? मंग आपुन कावून जायाचं येवढ्यात?"

"हेही लग्नालाच निघालेत का?" मी चहावाल्याला हळूच विचारलं.

"व्हय. पन दुसरं साहेब पोचल्याबिगर हे उठनार न्हाईत. आदी गेलं की वाट बघत बसावं लागतंय. लई कमीपना येतो त्याच्यात."

पुढे जीपने गावाजवळ आले, तर चिंचेखाली दुसरी पांढरी गाडी! दुसरे साहेब फोनवर तेच विचारत होते. मला हसू आवरेना. सरकारं कशी चालतात ते एका फाट्यावर कळलं म्हणायचं.

मांडवात मात्र हसू आटलं. इकडे मंगलाष्टकांआधी पुढाऱ्यांनी माइकवरून शुभाशीर्वाद द्यायची पद्धत आहे. आशीर्वाद म्हणजे भाषणच. तोवर अंतरपाटाला कोणी हात लावत नाही. भटजी सारखे घड्याळ बघत होते, मुहूर्त टळत चालला होता. समोर बुंदी दिसत असून मिळत नव्हती, त्यामुळे माझं डोकं तापलेलं.

"मामा, लावून टाका की लग्न," मी म्हणाले.

मामांनी पटक्याच्या टोकाने घाम पुसला. "ताई, दोघं बी आपलेच हायेत. येक रुसला तर पानी तुटतंय, दुसरा रुसला तर रस्ता. आमाला इथंच ऱ्हायाचं हाय."

"पण एक फाट्यावर बसलाय आणि एक चिंचेखाली. दोघं एकमेकांची वाट बघताहेत. दिवस मावळला तरी यायचे नाहीत!"

मामांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड बघून मला माझ्या बुंदीची लाज वाटली.

शेजारी उभ्या सोनालीने हे सगळं ऐकलं. तिने मुंडावळ्या मागे सारल्या आणि निवेदकाच्या हातातला माइक सरळ काढून घेतला. "दोन्ही साहेबांचं आगमन झालेलं हाय! भटजी, चालू करा."

कर्णे देवळावर बांधलेले, आवाज पार फाट्यापर्यंत गेला. आपण तर इथेच आहोत, म्हणजे दुसरा नक्की पोचला, असं दोघांनाही वाटलं. शेवटचं "सावधान" होतंय तोच रस्त्यावर दोन धुरळे उठले आणि दोन्ही साहेब धापा टाकत एकदमच मांडवात घुसले. अक्षता टाकल्या त्या एकमेकांच्याच डोक्यावर पडल्या. भाषणाची वेळ निघून गेली होती. मग पंगतीत शेजारी बसून फोटोसाठी एकमेकांच्या ताटात बुंदी वाढत राहिले. आधी कोणीच आलं नव्हतं, त्यामुळे रुसायला जागाच उरली नव्हती.

"घाबरली नाहीस?" मी सोनालीला विचारलं.

"त्यात काय, ताई? मेंढरू अडलं की वडायचं न्हाई. बाकीची पुडं गेली आसं त्याला वाटू द्यायचं. पळतच येतंय मागून."

निघताना मामांनी बुंदीचा पुडा दिला. देतानाही त्यांची नजर लेकीवरच होती.

घरी पोचल्यावर ह्यांनी पहिला प्रश्न केला, "नवरा मुलगा कसा आहे?"

मी आठवायला लागले. पहिल्या साहेबांचा गॉगल आठवला, दुसऱ्यांची मिशी आठवली, दोन्ही गाड्या आठवल्या. नवरदेवाचा चेहरा काही केल्या आठवेना. सगळ्या मांडवासारखी मीही दिवसभर रस्त्याकडेच बघत होते.