तीन बंदांचा गाऊन

हॉस्पिटलात तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे नाकमुरडी. नाव तिने कष्टाने कमावलेलं होतं. सकाळी साडेसातला टेस्टच्या खोलीचं कुलूप काढलं की आधी तिचं नाक वर जायचं. शिळा घाम, स्पिरिट आणि तापलेलं रबर यांचा मिळून झालेला तो वास तेवीस वर्षांत तिच्या अंगवळणी पडला नव्हता. मग ती ओलं फडकं घेऊन मशीनचे दांडे पुसायची आणि फडक्यावर आलेला काळा चिकट थर मुद्दाम डोळ्यांसमोर धरून बघायची. एकदा पोटभर किळस आल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला. मध्ये चालायचा पट्टा, बाजूला पडद्याचं मशीन, कोपऱ्यात कपाट आणि कपाटावर जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे, हिरव्या बंदांनी नीट बांधून ठेवलेले. ज्यांना जिना चढताना दम लागतो, छातीत दुखतं, त्यांच्या छातीवर दहा चकत्या चिकटवायच्या, वायरी जोडायच्या, पट्ट्यावर चालवायचं आणि हृदयाची रेघ कागदावर उतरवायची, हे तिचं काम. डॉक्टर शेजारी उभे असत, पण ते रेघेकडे बघत. माणसाकडे बघायचं काम ताईचं होतं.

तिला शिसारी येण्याजोग्या गोष्टींची तिथे वानवा नव्हती. छातीवरचे केस काढायला एकच रेझर चौघांना वापरणाऱ्या वॉर्डबॉयची तिला शिसारी होती. जिवंत माणसाला ‘दोन नंबर’ म्हणणाऱ्यांची होती. पेशंटला दिल्या जाणाऱ्या त्या छापील कागदाची तर फारच, कारण त्यावर नुसतं ‘उपाशी या’ असं लिहिलेलं होतं. एक साखरेचा पेशंट आदल्या रात्रीपासून उपाशी राहून, वर सकाळची गोळी घेऊन आला होता आणि बाकावरच आडवा झाला होता. तेव्हापासून ताई आदल्या दिवशी स्वतः फोन करायची. दोन-तीन तास आधी हलकं खाऊन या, चालता येईल असे बूट घाला, कुठली गोळी घ्यायची आणि कुठली नाही ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

आणि खोलीत आलेल्या प्रत्येकाला ती पाच मिनिटं द्यायची. दार लावायची, समोर बसवायची.

“हे बघा, ही परीक्षा नाही. इथे पास-नापास नसतं. पट्टा आधी हळू चालेल, दर तीन मिनिटांनी जोर वाढेल, चढही वाढेल. छातीत, हातात, जबड्यात, कुठेही काही वाटलं तर लाजायचं नाही. थांबवा म्हणायचं. मी थांबवते.”

हे सांगावं लागायचं, कारण माणसं खरंच परीक्षेला आल्यासारखी यायची. एक निवृत्त हेडमास्तर दात आवळून नऊ मिनिटं चालले, घामाने निथळले, आणि खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, “किती पडले?” छातीत तिसऱ्या मिनिटापासूनच दुखत होतं म्हणे. ताईने त्या दिवशी त्यांना मास्तरकीची पर्वा न करता झापलं होतं.

मग नवे व्यवस्थापक आले. हातात सतत फोन, फोनवर सतत सेकंद. आठ दिवसांत त्यांचं नाव घड्याळसाहेब पडलं.

“पट्ट्यावर नऊ मिनिटं आणि एका पेशंटला पस्तीस?” ते म्हणाले. “मधे काय गप्पांचा फड लावता का, ताई?”

हुकूम निघाला. तयारी बाहेर पॅसेजमधल्या बाकावर करायची, चौघांची एकदम. गाऊन घालून, चकत्या लावून माणसं ओळीने बसवायची, की आत एक उतरला की दुसरा चढला. बायकांची पाळी असली की पुरुषांनी समोरच्या बाकावर सरकायचं. मध्ये एक पडदा लावला, तोही भिंतीपर्यंत पोचेना, वीतभर फट राहिली. त्या फटीच्या बरोबर वर पाटी होती, ‘रुग्णाचा सन्मान हेच आमचं ब्रीद’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

ताई संतापली. कॅन्टीनमध्ये बोलली, जिन्यात बोलली, नर्सेसच्या खोलीत बोलली. कोंबड्या सोलून टांगतात तशी माणसं बसवलीत म्हणाली. पण तोंडाने तक्रार आणि हाताने काम, असं तिचं चालू राहिलं. आणि घाणीची सवय व्हायला माणसाला किती दिवस लागतात? महिनाही लागला नाही. आदल्या दिवशीचे फोन बंद झाले. पाच मिनिटांची दोन वाक्यं उरली. हलू नका. पुढचे कोण?

अशात एका मंगळवारी ती शिंपीण आली. पन्नाशीची, बोटांची टोकं सुईने खडबडीत झालेली, गळ्यातली टेप काढायला विसरलेली. फॉर्मवर डॉक्टरांनी लाल शाईने ‘तातडीने’ लिहिलं होतं. ती गाऊन घालून बाकावर बसली. गाऊन पुढून उघडा, बंद फक्त गळ्याशी एकच. त्यामुळे तिने डाव्या हाताने छातीशी कापड घट्ट धरलं होतं. सगळ्याच बायका तसं धरत. पट्ट्यावरसुद्धा एका हाताने दांडा आणि एका हाताने गाऊन. मग हात आखडला की रेघ थरथरायची आणि ताई ओरडायची.

ती आताही ओरडली. “हात काढा, बाई. उरलेल्या चकत्या कशा लावू? इथे तुम्हाला बघायला कोण बसलंय?”

“आम्ही बसलोय की,” पडद्यापलीकडून एक पुरुष म्हणाला.

दोघे-तिघे हसले. आणि खोटं कशाला बोला, ताईच्याही ओठांना हसू फुटलं. शिंपिणीने ते पाहिलं.

तिने गाऊनची पुढची कड उलटी केली, छातीजवळ अंगठा फिरवला, कमरेजवळ फिरवला. मग तोवर लागलेल्या चार चकत्या एकेक सोलून बाकावर ओळीने ठेवल्या, ब्लाऊज घातलं आणि ती निघून गेली.

“लिहा, रुग्णाने नकार दिला,” घड्याळसाहेब म्हणाले. “पुढचं घ्या.”

ताईने लिहिलं.

घरी गेल्यावर तिने सासूबाईंना अंघोळ घातली. ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, डोळ्यांनी अधू, पण अंघोळीचा त्यांचा कायदा कडक. आधी दार लाव, मग अंगावर पंचा टाक, मग पाणी. घरात दोघींशिवाय कुणी नसलं तरी दार लागलंच पाहिजे. ताईने तो कायदा कधी मोडला नव्हता. पाठ चोळता चोळता तिने दिवसभराची गरळ ओकली. साहेब नालायक, पडदा आखूड, ते पुरुष निर्लज्ज.

“हसलं कोण कोण?” सासूबाईंनी विचारलं.

ताई पाणी ओतत राहिली.

“म्हणजे तूही,” सासूबाई म्हणाल्या. “आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. दे तो टॉवेल.”

रात्री ताईला जेवण गेलं नाही. ‘तातडीने’ लिहिलेली बाई जिना चढते आहे, असंच तिला सारखं दिसत होतं. त्या बाईला काही झालं तर वहीत नकार तिच्याच नावावर असणार होता, तोही ताईच्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी काम आटोपून ती फॉर्मवरच्या पत्त्यावर गेली. तीन जिने होते. वर एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन, आणि भिंतीला लागून घड्या घातलेल्या हिरव्या कापडाचा ढीग. ताई दारातच थबकली. ते हॉस्पिटलचेच गाऊन होते.

“सोळा वर्षं मीच शिवते,” शिंपीण म्हणाली. तिने बसा म्हटलं नाही. “तीन बंद लावते. गळ्याशी, छातीशी, कमरेशी. तिन्ही दुहेरी शिलाईने. तुमच्याकडे दोन कसे नाहीत?”

“धुलाईत तुटत असतील,” ताई सवयीने म्हणाली. “आमच्याकडे सगळाच आनंद आहे.”

“तुटलेले नाहीत. तुटला की दोरे लोंबतात. हे कात्रीने कापलेत, शिवणीला लागून. हात सराईत आहे.”

ताईची नजर स्वतःच्या हातांकडे गेली.

आठ वर्षांपूर्वी एका बाईच्या कमरेचा लांब बंद सुटून पट्ट्याच्या कडेत ओढला गेला होता. बाई पडता पडता वाचली. त्या संध्याकाळी ताईने कपाटातले चाळीसच्या चाळीस गाऊन काढले आणि कात्री घेऊन बसली. लोंबणारे खालचे दोन्ही बंद कापून टाकले. पुढे नवा गठ्ठा आला की पहिलं काम तेच. एकही पेशंट त्यानंतर पडला नाही, असं ती नव्या पोरींना ऐटीत सांगायची. आणि दुसऱ्याच दिवसापासून बायका एका हाताने गाऊन धरून चालायला लागल्या आणि ती त्यांच्यावर ओरडायला लागली, या दोन गोष्टींचा सांधा तिने आठ वर्षांत कधी जुळवला नव्हता. साहेब आला चार महिन्यांपूर्वी. पडदा त्याचा. उघडं पाडणं हिचं.

“मी कापले,” ती म्हणाली.

ताईला स्वतःचीच एवढी शिसारी आली की कुठे थुंकावं ते कळेना.

“विचारायचं तरी,” शिंपीण म्हणाली. “लांबी कमी केली असती. बगलेत घेतले असते. किती वेळ लागतो? पाच मिनिटं.”

“उद्या या. आत, दार लावून. तुम्ही आणि मी. डॉक्टर लागतीलच, पण तुमचे बंद बांधून झाल्यावर येतील.”

“आणि तुमचा तो साहेब?”

“त्याच्याकडे मी बघते.”

“मला काही हौस नाही घरी बसायची,” शिंपीण म्हणाली. “हे तीन जिने चढले की इथे छातीवर कुणी इस्त्री ठेवल्यासारखं होतं. पण त्या बाकावर मी बसणार नाही. मेले तरी.”

ती आली. येताना स्वतःचा गाऊन घेऊन आली, रातोरात शिवलेला, आखूड बंद बगलेत घेतलेला, वायरींसाठी बाजूला चीर ठेवलेला. ताईने तिला आत घेतलं आणि आतून कडी लावली.

दोन मिनिटांत घड्याळसाहेबांनी दार वाजवलं. “ताई, बाहेर चौघं थांबलेत. हे काय चाललंय?”

“तयारी.”

“तयारी बाहेर करायची, असा आदेश आहे.”

“लिहा,” ताई आतून म्हणाली, “ताईने नकार दिला.”

बाहेर बुटांचा आवाज लांब गेला.

ताईने तिला समोर बसवून सगळं सांगितलं, एवढे दिवस गिळून टाकलेलं वाक्य न् वाक्य. परीक्षा नाही. दर तीन मिनिटांनी जोर वाढेल. थांबवा म्हणायचं. प्रत्येक चकतीआधी तिने विचारलं, लावू का, आणि शिंपीण प्रत्येक वेळी लावा म्हणाली. बंद बांधले. मग डॉक्टरांना बोलावलं.

शिंपीण चालायला लागली. दोन्ही हात दांड्यावर, मान ताठ. रेघ स्वच्छ येत होती, एकदाही थरथरली नाही. तीन मिनिटं झाली, चढ वाढला. आणखी चाळीस सेकंदांनी ती म्हणाली, “ताई, थांबवा. जबड्यात आलं.”

ताईचं बोट बटणावरच होतं. डॉक्टर मशीनच्या पडद्याकडे वाकले, त्यांनी एकदा रेघेकडे आणि मग, बहुधा पहिल्यांदाच, बाईकडे बघितलं. स्ट्रेचर मागवलं. आणखी चार जिने चढल्या असत्या तर कठीण होतं, म्हणाले. तिला पॅसेजमधून वर नेलं, त्याच बाकांसमोरून, गाऊन नीट मिटलेला, दोन्ही हात मोकळे.

दुपारी मेमो आला. ताईने सही करून तो घेतला आणि संध्याकाळी कपाटातले गाऊन टेबलावर काढले. सदतीस होते. सुई-दोरा तिने आणला होता, बंदांना कापड मात्र नव्हतं. कुठे मिळेल म्हणून ती खोलीत इकडेतिकडे बघू लागली, आणि तिची नजर वर, कपाटावर गेली.

आठ वर्षं कापलेले बंद तिने वाया जाऊ दिले नव्हते. रजिस्टरांचा एकूण एक गठ्ठा त्याच हिरव्या बंदांनी बांधला होता, आडवा-उभा, दुहेरी गाठ मारून, एकही पान उघडं पडणार नाही असा. ताईने स्टूल ओढलं, पहिला गठ्ठा खाली घेतला आणि नखांनी गाठ सोडायला लागली.