देवाला सांगितलेला भाव

माझ्यावर दहा दिवस आळ होता, आणि तो घेतला होता माझ्या सख्ख्या मावशीनं. म्हणून ही हकिगत दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते. सांगताना आवाज चढला तर चढू दे. इतक्या वर्षांनीही माझा राग गेलेला नाही, आणि जायचं काही कारणही नाही.

मावशीचं नाव दीना. मूळची जामखेडच्या बाजूची. नवरा शांतवन नगरला मिशनच्या बागेत माळी होता. तापाचं निमित्त झालं आणि गेला. तेव्हा मावशी तेवीस वर्षांची, पदरात मूलबाळ नाही. मडमेनं तिला बंगल्यातल्या फरश्या धुवायला ठेवलं. दुसरी बाई रडत बसली असती. मावशी फरशी घासत बसली, आणि अशी घासली की कॅम्पातल्या दुसऱ्या मडमा विचारायला लागल्या, ही कोण? मग एकाचे दोन बंगले झाले, दोनाचे पाच. हाताखाली बाया आल्या. आमच्या चाळीत लोक तिला 'मुकादमीण' म्हणायला लागले, काही मानानं आणि काही जळून.

कामाचा भाव ठरवण्याची तिची रीत जगावेगळी होती. मालक सांगायचा, इतक्या खोल्या आहेत, किती घेशील? ती खोल्यांकडे बघायचीसुद्धा नाही. आधी विचारायची, "पानी कुठं हाय?" मग चपला काढून नळापासून दारापर्यंत पावलं टाकत जायची. खोली किती मोठी यापेक्षा बादली किती लांबून आणायची, यावर बाईचा दम जातो, असं तिचं म्हणणं. खोलीमागे बादल्या, बादलीमागे पावलं, असा हिशोब चिंचोक्यांवर मांडायची. लिहिता वाचता काही येत नव्हतं, पण तिचा भाव कधी चुकला नाही. ना मालक बुडाला, ना ती.

लढाई सुरू झाली, कॅम्पात पलटणी वाढल्या आणि मावशीला बारा बराकी झाडण्या-धुण्याचं काम मिळालं. आठ बाया होत्या तिच्याकडे. त्यांतली पहिली दया. बारा वर्षं मावशीबरोबर; एकाच फरशीवर एक इकडून आणि एक तिकडून घासत आलेली. मावशी आजारी पडली की पेज दया करून आणायची. लंकाबाई आणि बनुबाई या दोघी म्हाताऱ्या. त्यांचे गुडघे गेलेले, पण मावशी त्यांना व्हरांडे द्यायची, बसून पुसता येतील असे.

पंचेचाळीस सालच्या मार्चात कॅम्पाच्या ऑफिसानं नवा हुकूम काढला. यापुढे काम टेंडरनं द्यायचं. आकडा लिहून लिफाफा लाखेनं बंद करायचा, सगळ्यांसमोर तो फोडायचा आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी त्याला वर्षाचं काम. पुण्याचा कुणी मोठा ठेकेदार टपून बसलाय, अशीही हूल उठली. मावशीची झोप उडाली. काम गेलं तर बाकीच्या बाया कुठंतरी लागल्या असत्या. लंकाबाई-बनुबाईंना कोण उभं करणार होतं?

मी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेली, म्हणून टेंडर लिहायचं माझ्याकडे आलं. मावशी चिंचोके घेऊन आमच्या घरी बसली. आठ जणींचे महिन्याला वीस-वीस म्हणजे एकशे साठ. फिनेल, सोडा, खराटे, बादल्या यांचे पंधरा.

"आणि तुझे?" मी विचारलं.

"बारा लाव."

"मावशी, तू बायांपेक्षाही कमी घेणार?"

"त्यो पुन्याचा आला तर या दोघी म्हाताऱ्यांना पयल्याच दिवशी हाकलंल. लाव गपचिप. आन ह्यो आकडा तोंडातनं काढायचा न्हाई. तुज्या आईलाबी सांगू नको."

मी एकशे सत्त्याऐंशी रुपये लिहिले, अक्षरी आणि अंकी. आईलाही सांगितलं नाही.

गुरुवारी आमच्या घरी चाळीतली प्रार्थनासभा होती. आम्हा ख्रिस्ती लोकांत रीत अशी की गायन झालं, वचन वाचलं की सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. मावशी देवाशी शेजारणीशी बोलावं तशी बोलायची. ज्वारी किती महागली, घरमालक कसा तिरसट आहे, सगळं त्याला साग्रसंगीत सांगायची. आम्ही पोरीबाळी पदर तोंडात धरून हसायचो.

त्या दिवशी म्हणाली, "हे आकाशातल्या बापा, तुला ठाऊकच हाय, सोमवारी लिफाफा द्यायचाय. म्या एकशे सत्त्याऐंशी लिवलंत. त्याच्या खाली मला परवडत न्हाई, तू जानतोस. त्या पुन्याच्या मानसाच्या मनात जास्तीचा आकडा घाल. माज्या म्हाताऱ्यांना उघड्यावर टाकू नको."

"आमेन, बापा, आमेन!" दया म्हणाली. सगळ्यांत मोठ्यानं.

तुम्ही म्हणाल, बाई वेडी होती का? आणि मी तिथं बसून काय करत होते? खरं सांगते, मला काही म्हणजे काही खटकलं नाही. प्रार्थनेत बोललेलं ते देवाला. माणसांना सांगितलेलं ते वेगळं. आमच्यात सगळे असंच धरून चालायचे. डोळे मिटले की शेजारी बसलेली माणसं तिथं नसतातच.

तेवीस तारखेला लिफाफे फोडले. मीही गेले होते. हेडक्लार्क विष्णुपंत चष्मा पुसत एकेक आकडा वाचत होते. पुण्याच्या ठेकेदाराचा दोनशे तीस. मावशीनं माझा हात दाबला. दीना शांतवन, एकशे सत्त्याऐंशी. आणि तिसरा लिफाफा कुणा गोरक्षचा, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातला दलाल. एकशे शहाऐंशी रुपये आठ आणे.

आठ आण्यांनी गेलं! बाजारात बैल विकणारा माणूस, ज्यानं जन्मात खराटा धरला नाही, त्याला बराकीचा भाव आण्यापर्यंत कसा कळला? घोडेगावच्या बाजारात भाव करतात तोसुद्धा उपरण्याखाली बोटं धरून, शेजारच्याला कळू न देता. असल्या माणसाला आमचा आकडा कळला होता.

मावशी विष्णुपंतांच्या टेबलापाशी गेली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "लिफाफा तुमीच फोडला! किती खाल्लं त्या दलालाकडून?" सगळं ऑफिस उभं राहिलं. विष्णुपंत पांढरेफटक पडले. त्यांनी लाखेचे तुकडे तिच्यापुढे ठेवले, सही दाखवली, साक्षीदार दाखवला. "बाई, तीस वर्षं नोकरी झाली माझी," एवढंच म्हणाले.

आम्ही घरी आलो. मावशी दारात थांबली आणि म्हणाली, "आकडा दोघींनाच ठाऊक हुता, पुष्पे. म्या तर कुनाला सांगितला न्हाई."

बस, तेवढंच. त्यापेक्षा तिनं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. मी बायबलावर हात ठेवून शपथ घ्यायला निघाले, तर ती पाठ फिरवून गेली. चाळीत कुजबुज सुरू झाली. पुष्पावतीनं म्हणे नव्या लुगड्यासाठी मावशीला विकलं! आईनं माझ्या पेटीत हात घालून बघितलं. माझ्या आईनं.

मधे ईस्टर आला. देवळात दया मावशीच्या शेजारीच बसली, तिचा हात हातात घेऊन. मी मागच्या बाकावर, खरकटं भांडं ठेवावं तशी.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गोरक्षचं काम सुरू व्हायचं होतं. मावशीला बादल्या-खराट्यांच्या कोठीची किल्ली परत द्यायची होती. बादल्या मोजून द्यायला कुणी तरी हवं म्हणून आईनं मला पाठवलं. फाटकापाशी लंकाबाई आणि बनुबाई उभ्या होत्या. नेहमीच्या वेळेला नेहमीसारख्या आलेल्या. शिपाई त्यांना आत सोडत नव्हता. आत फेटा बांधलेला गोरक्ष उभा, आणि त्याच्या पुढं मावशीच्याच पाच बाया ओळीत घेऊन, पदर खोचून, दया. त्यांतल्या बायडाबाईनं आम्हाला बघून मान खाली घातली. दयेनं घातली नाही.

"दये, तू?" मावशी म्हणाली.

"मग? मला पोट न्हाई व्हय? मुकादमीन केलंय त्यांनी मला."

"आकडा कुनी सांगितला तुला?"

"तूच की. पुष्पीच्या घरात, गुरवारी, मोठ्यांदा. देवानं ऐकला, म्याबी ऐकला. कान काय घरी ठिवून येऊ?"

मावशीच्या हातातली किल्ली तशीच राहिली.

"बारा वर्सं तुज्या मागनं बादल्या उचलल्या," दया म्हणाली. "मुकादमीन तू, मडमांची लाडकी तू. माजं काय? वीस रुपयं. कालच्या बायडीलाबी वीसच."

यात खोटं काही नव्हतं, हे मी कबूल करते. बाईला राग असेल, असू दे. तोंडावर भांडायचं होतं, उघड टेंडर भरायचं होतं. हे असलं केसानं गळा कापणं कशाला? आणि वर त्या दोन म्हाताऱ्यांचे चाळीस रुपये वाचवून!

मावशी भांडेल असं मला वाटलं. ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मग आमेन का म्हनलीस गं?"

दयेनं तिच्याकडे बघितलं, जणू हे विचारायचं असतं का! "म्हनायचं असतं की," ती म्हणाली आणि बायांना घेऊन पहिल्या बराकीत गेली.

मावशी तिथूनच तडक विष्णुपंतांकडे गेली, प्रार्थनेचं सगळं सांगितलं, हात जोडले. त्यांनी हातातला कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "लिफाफ्याला लाख लावलीत बाई, तोंडालाही लावायची होती." पण माणूस भला. गावातल्या एका शाळेला जूनच्या आधी सगळ्या फरश्या धुवून हव्यात, अर्ज करा, असं त्यांनीच सांगितलं.

आता माझ्याकडे येईल, मला पोटाशी धरेल, म्हणून मी वाट बघत होते. आली. समोर बसली. म्हणाली, "पुष्पे, मला आकडं शिकीव."

माफीबिफी काही नाही. मी पाटी काढली. पन्नाशीला आलेल्या बाईची बोटं, सोड्यानं चिरलेली. पेन्सिल धरता येईना. चार तिला जमेना, उलटा व्हायचा. पंधरा दिवस घासत बसली, आणि शिकली. एक ते नऊ आणि शून्य. अक्षरं शिकवते म्हटलं, तर नको म्हणाली.

गुरुवारच्या सभेला यायची ती. तिची पाळी आली की म्हणायची, "बापा, तुला ठाऊक हाय. आमेन." आणि गप्प.

शाळेचा अर्ज मीच लिहिला. नाव, गाव, काम, बाया तीन: ती स्वतः, लंकाबाई आणि बनुबाई. रकमेपाशी आले आणि विचारलं, "मावशी, किती लिहू?"

तिनं माझ्या हातातून टाक काढून घेतला, कागद ओढला आणि उठून खिडकीकडे तोंड करून बसली. पदर खांद्यावरून पुढं घेतला, मला दिसू नये म्हणून. सावकाश आकडा लिहिला, फुंकर मारून वाळवला, घडी घातली आणि मगच माझ्याकडे वळली.

ते काम तिला मिळालं. पुढंही चार वर्षं कामं मिळत गेली. तिचे सगळे अर्ज मी लिहिले, तीसेक तरी असतील. तिच्या मांडीवर मी वाढले. माझा गुन्हा नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या तीस अर्जांतल्या एकाचाही आकडा तिनं मला कधी दिसू दिला नाही.