होत आलेलं ॲप

मंडळी, गांभीर्याने ऐका: क्रिप्टोचं भवितव्य सध्या भाजे लेण्यांच्या पायऱ्यांवर काकड्या विकणाऱ्या मावशींच्या हाती आहे.

माझा शेजारी क्रिप्टोवाल्या मराठी मंडळींच्या जुन्या ऑनलाइन फोरमसाठी मोबाईल ॲप बनवतोय. सभासदांचे केस पिकले, फोनवरची बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून फोरम ओस पडत चाललाय. ॲपचं कधीही विचारा, तो कानाची पाळी ओढत म्हणतो, “होत आलंय.” मग अक्षरं आणखी मोठी करून मावशींना वाचायला लावतो.

काल मावशींनी बिनचष्म्याने दोन सभासदांचं क्रिप्टोच्या नाण्यावरून झालेलं अख्खं भांडण वाचलं. शेजाऱ्याने भर पायरीवर त्यांना वाकून नमस्कार केला.

“पर ते नाणं दाव की,” मावशी म्हणाल्या.

“ते दिसत नसतं, मावशी.”

“आन जे दिसतच न्हाई, त्येच्यासाठी एवढी मोठी अक्षरं केलीस व्हय रं?”